उंदीर चालू लागला की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात थीटा नावाची लय उठते. ती हालचालीची लय म्हणायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थिनीने रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) हिप्पोकॅम्पसमध्ये इलेक्ट्रोड बसवून नोंदी घेतल्या. रॅट चालू लागला की सेकंदाला सात-आठ लाटांची स्वच्छ लय दिसते. तो तोंड धुवायला बसला की लय मोडते. एकदा शेजारच्या खोलीचं दार आपटलं, रॅट जागच्या जागी थिजला आणि तरीही जरा मंद अशी लय काही सेकंद दिसत राहिली. वेग आणि वारंवारता यांचा आलेख काढला तर रेषा वर चढते. मग 'ही हालचालीची लय आहे आणि तिची वारंवारता प्राण्याचा वेग सांगते' असं प्रबंधात लिहावं का?

वाक्याचा पहिला भाग दुरुस्त करून लिहा. दुसरा भाग आत्ता लिहू नका. कारणं सविस्तर सांगते, कारण या विषयात नवीन माणसाची गफलत नेमकी इथेच होते: सगळा वेळ स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारतेत किती जोर आहे त्याचा आलेख) बघण्यात जातो आणि उंदराकडे बघायचं राहून जातं.

आधी सिग्नलबद्दल. तुम्ही मोजता आहात तो एका पेशीचा आवाज नाही. हजारो पेशींवर एकाच वेळी येणाऱ्या विद्युतप्रवाहांची ती बेरीज आहे. रॅटमध्ये चालताना ही लय साधारण ६ ते १० हर्ट्झमध्ये असते आणि इलेक्ट्रोड योग्य थरात असेल तर तिची उंची एक मिलिव्होल्टच्या घरात जाते. मेंदूतल्या सिग्नलच्या मानाने हे खूप आहे. कुठलाही फिल्टर न लावता, पडद्यावर नुसत्या डोळ्यांनी लाटा मोजता येतात. म्हणूनच ही लय फार आधी सापडली. युंग आणि कोर्नम्युलर यांनी १९३८ मध्येच सशात ती नोंदली होती. १९५४ मध्ये ग्रीन आणि अर्दुइनी यांनी ससा, मांजर आणि माकड यांच्यावर काम करून दाखवलं की प्राणी एखाद्या आवाजाने किंवा स्पर्शाने सावध झाला की हिप्पोकॅम्पसमध्ये ही संथ, नियमित लय येते. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं ती 'सावधपणाची', 'लक्ष देण्याची' लय मानली जात होती.

हे चित्र बदललं ते केस व्हँडरवुल्फ यांच्यामुळे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात लंडन नावाचं गाव आहे, तिथल्या विद्यापीठात ते काम करत. १९६९ चा त्यांचा शोधनिबंध आजही मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात वाचायला देते. त्यांनी केलं ते ऐकायला सोपं वाटतं. रॅटला मोकळं सोडलं, तो क्षणाक्षणाला काय करतो ते टिपलं आणि सिग्नलची पट्टी त्याच्याशेजारी ठेवली. चालणं, धावणं, पोहणं, मागच्या पायांवर उभं राहणं, उडी मारणं, डोकं वळवणं, या सगळ्यांत थीटा. निश्चल बसणं, चघळणं, चाटणं, तोंड धुणं, दात वाजवणं, यांत थीटा नाही. तिच्या जागी मोठ्या, वेड्यावाकड्या, अनियमित लाटा.

ही यादी नीट वाचली की 'हालचालीची लय' हे शब्द का पुरत नाहीत ते कळतं. तोंड धुणारा रॅट बघा. दोन्ही पुढचे पाय नाकावरून, मग डोळ्यांवरून, मग कानामागून झपाझप फिरतात, मान खालीवर होते, जबडा हलतो. स्नायूंची भरपूर कामं चालू आहेत आणि हिप्पोकॅम्पसमध्ये थीटाचा पत्ता नाही. मग तो थांबतो, हळूच मान वर करून डावीकडे वळवतो. स्नायूंचं काम जेमतेम, तरी त्या अर्ध्या सेकंदात तीन-चार स्वच्छ लाटा येऊन जातात. स्नायूंनी किती जोर लावला याच्याशी लयीचा संबंध असता तर हे उलटं दिसलं असतं.

व्हँडरवुल्फ यांनी पहिल्या गटाला 'ऐच्छिक' हालचाली म्हटलं. मी हे विशेषण टाळते. उंदराची इच्छा आपल्याला मोजता येत नाही, वर्तन मोजता येतं. माझ्या मते या यादीतलं बहुतेक वर्तन असं आहे की त्याने डोक्याचं आणि भोवतालच्या जागेचं नातं बदलतं: प्राणी कुठेतरी जातो, वळतो, उंचावरून हुंगतो. तोंड धुताना हे नातं तसंच राहतं. पण ही माझी मांडणीही सगळ्या वर्तनांना पुरत नाही. पुढच्या पायांत वस्तू धरून हाताळतानाही थीटा दिसते आणि फिरत्या चाकात धावतानाही दिसते, जिथे प्राणी एक तसूभरही पुढे जात नाही. म्हणून प्रबंधात कुठलंही सरसकट विशेषण न लावता वर्तनांची यादी द्या आणि प्रत्येकापुढे तुमच्या नोंदीत काय दिसलं ते लिहा. परीक्षकाला ते जास्त पटेल.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट. लय हालचालीच्या मागून येत नाही, पुष्कळदा आधी येते. व्हँडरवुल्फ यांच्या प्रयोगात रॅट पेटीच्या तळावरून वरच्या कठड्यावर उडी मारायला शिकलेले होते. उडीच्या आधी रॅट बाहेरून स्थिर दिसतो, अंग आवळून घेतो, आणि तेवढ्यात थीटा सुरू होऊन तिची वारंवारता चढत जाते. पाय सुटतात तेव्हा ती शिगेला पोचलेली असते. म्हणजे पायांकडून, सांध्यांकडून येणाऱ्या खबरीमुळेच लय उठते हे म्हणणं टिकत नाही. सुरुवात मेंदूच्या आतून होते.

ती कुठून होते याचा माग मेडियल सेप्टमपर्यंत जातो. मेंदूच्या मध्यरेषेवरचा हा लहानसा भाग आहे. १९६२ मध्ये व्हिएन्नात पेट्शे, श्टुम्प्फ आणि गोगोलाक यांनी दाखवलं की सशाच्या सेप्टममधल्या पेशी थीटाच्या ठेक्यातच विजेचे झटके देतात. सेप्टम निकामी केला की हिप्पोकॅम्पसमधली थीटा जाते, हे त्यानंतर अनेकांनी अनेक प्रकारे दाखवलं आहे. पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात, आणि कुठलं रसायन सोडतात त्यावरून तिथे तीन जातींच्या पेशी आहेत: अॅसिटिलकोलीन सोडणाऱ्या, गाबा सोडणाऱ्या आणि ग्लुटामेट सोडणाऱ्या. यातल्या तिसऱ्या जातीबद्दल २०१५ मध्ये जर्मनीतल्या बॉनमधून फारच सुंदर काम आलं. माऊस, म्हणजे लहान जातीचा उंदीर, धावायला लागण्याआधीच या पेशी जागृत होतात, आणि प्रकाशाने या पेशी चेतवल्या की थीटाही उठते आणि माऊस पळायलाही लागतो. एकच ठाणं लय आणि चाल दोन्हींना हाक देतं. मग 'चालण्यामुळे थीटा' की 'थीटामुळे चालणं' हा वाद बराचसा निरर्थक ठरतो. दोन्ही एकाच आज्ञेची रूपं असू शकतात. सेप्टमच्या ठेक्याला हिप्पोकॅम्पसच्या पेशी इतक्या सहज साथ का देतात याचं एक कारण पेशींच्या पडद्यातही आहे. तिथली काही आयन-द्वारं अशी आहेत की पेशी याच वारंवारतेला जास्त प्रतिसाद देते. या विषयावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससीत) ऋषिकेश नारायणन यांच्या गटाने बरंच काम केलं आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावं.

दार आपटल्यानंतरच्या त्या काही सेकंदांकडे येऊ. त्या नोंदी 'खराब डेटा' समजून टाकू नका. थीटाचे दोन प्रकार आहेत ही गोष्ट १९७५ मध्ये क्रॅमिस, व्हँडरवुल्फ आणि ब्लँड यांनी औषधांच्या साहाय्याने वेगळी काढून दाखवली. प्राण्याला अॅट्रोपीन (अॅसिटिलकोलीनचा परिणाम रोखणारं औषध) दिलं तर चालतानाची थीटा शाबूत राहते, पण स्थिर असतानाची थीटा नाहीशी होते. उलट युरेथेनची भूल दिली तर उरते ती दुसरी, अॅट्रोपीनने जाणारी. ही दुसरी थीटा जरा मंद असते, साधारण ४ ते ७ हर्ट्झ. सशात ती सहज दिसते, त्यामुळेच सशावर काम करणाऱ्यांना थीटा सावधपणाची वाटली. आणि रॅटवर काम करणाऱ्यांना हालचालीची. दोघांचंही आपापल्या प्राण्यापुरतं खरं होतं. रॅटमध्ये ती एरवी क्वचित दिसते, पण मांजरासारखा शिकारी समोर आला आणि रॅट थिजून बघत राहिला की स्पष्ट दिसते. तुमचा रॅट दार आपटल्यावर थिजला आणि मंद लय आली, ती बहुधा हीच. खात्री करायची असेल तर अॅट्रोपीन सल्फेट देऊन बघता येतं, आणि तुलनेसाठी अॅट्रोपीन मिथाइल नायट्रेट, जे रक्तातून मेंदूत फारसं शिरत नाही. अर्थात संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीने मंजूर केलेल्या आराखड्यात हे असेल तरच. नसेल तर 'स्थिर असतानाही थीटा आढळली, वारंवारता इतकी, प्रसंग असा' एवढं प्रामाणिकपणे लिहा. तेवढ्यानेही 'हालचालीची लय' हे सरसकट विधान गळून पडतं.

आता वेग. तुमच्या आलेखाची रेषा वर चढते याचं मला नवल नाही. रॅट जोरात धावला की थीटाची उंची आणि वारंवारता दोन्ही वाढतात हे सत्तरच्या दशकापासून नोंदलेलं आहे. अडचण पुढे आहे. मोकळा रॅट आपल्या मर्जीने धावतो. तो वेग घेतो, सोडतो, वळतो. अशा धावण्यात वेग, त्वरण, अंगाची उष्णता, जागेची ओळख हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं आणि तुमचा आलेख त्यातला एकच अक्ष दाखवतो.

त्वरणाचंच घ्या. २०२१ मध्ये एमिलिओ क्रॉप्फ आणि नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या मोझर गटाने यासाठी खास गाडी वापरली. गाडीला तळ नाही. रॅट आपल्या पायांनी जमिनीवर धावतो, पण गाडीच्या वेगानेच धावावं लागतं. म्हणजे वेग प्रयोग करणाऱ्याच्या हातात. एकाच स्थिर वेगाने धावताना, तो वेग कमी असो की जास्त, वारंवारतेत फरक दिसला नाही. वेग वाढत असतानाच ती उसळली. त्यांचा निष्कर्ष: वारंवारता धन त्वरणावर चालते, वेगावर नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने मोकळ्या धावण्यातल्या नोंदी घेऊन वेगाचं पारडं जड असल्याचं मांडलं. माझा कल क्रॉप्फ यांच्याकडे आहे, कारण तिथे वेग लादलेला आहे आणि लादल्याशिवाय गुंता सुटत नाही. पण वाद मिटलेला नाही, आणि मिटेपर्यंत 'वारंवारता वेग सांगते' हे एम.एस्सी.च्या प्रबंधात ठासून लिहिणं धाडसाचं आहे.

उष्णता ही फारशी कुणाच्या लक्षात न येणारी बाब. १९९३ मध्ये एडवर्ड मोझर, इयाकोब माथिसेन आणि पेर अँडरसन यांनी दाखवलं की रॅट नवी जागा शोधत फिरताना डेंटेट गायरस या हिप्पोकॅम्पसच्याच भागातल्या क्षेत्र-विभवांत (अनेक पेशींच्या एकत्रित विद्युत सिग्नलमध्ये) जे बदल होतात आणि ज्यांना शिकण्याची खूण मानलं जात होतं, त्यांचा मोठा हिस्सा नुसता मेंदू गरम झाल्याचा असतो. धावल्यावर मेंदू एखाद-दोन अंशांनी तापतो, गार पाण्यात पोहल्यावर निवतो. पेशींचे व्यवहार उष्णतेने जलद होतात. तेव्हा वीस मिनिटं धावलेल्या रॅटची शेवटची पाच मिनिटं आणि पहिली पाच मिनिटं एकाच ढिगात टाकू नका.

ओळखीचाही परिणाम होतो. नव्या जागेत थीटाची वारंवारता कमी असते आणि जागा सवयीची झाली की वाढते, हे इंग्लंडमधल्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून २००८ मध्ये आलं. शिवाय सवयीच्या जागेत रॅट जोरातही धावतो. पहिला दिवस आणि पाचवा दिवस एकत्र केलेत तर वेगाचा म्हणून दिसणारा चढ निम्मा ओळखीचा असू शकतो.

आणि एक साधी, हिशेबाची गोष्ट. रॅटमध्ये रमतगमत चालण्यापासून धावण्यापर्यंत वारंवारतेतला फरक सहसा हर्ट्झ-दीड हर्ट्झच्या आत असतो. तुम्ही एक सेकंदाची खिडकी घेऊन फूरिए रूपांतर केलंत तर स्पेक्ट्रमचा प्रत्येक खाना एक हर्ट्झचा होतो. म्हणजे जो फरक मोजायचा तो जेमतेम एका खान्याएवढा! त्यापेक्षा लाट-दर-लाट मोजा: एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत किती मिलिसेकंद, आणि त्या काळात वेग किती, त्वरण किती. थीटाची लाट सरळ ज्या-वक्रासारखी नसते, एका बाजूला झुकलेली, करवतीच्या दातासारखी असते. तेव्हा ६ ते १० हर्ट्झच्या अरुंद फिल्टरमध्ये तिला कोंबू नका, आकार जातो. याच आकारामुळे स्पेक्ट्रममध्ये १६ हर्ट्झच्या आसपास दुसरा उंचवटा दिसतो. त्याला 'बीटा लय सापडली' म्हणू नका, तो थीटाचाच संनादी, म्हणजे तिच्या दुप्पट वारंवारतेवरचा पडसाद, आहे. आणि सांख्यिकीत नमुन्याचा आकार म्हणजे प्राण्यांची संख्या, लाटांची नव्हे. एका रॅटच्या दहा हजार लाटा म्हणजे एक रॅट.

वेग-वारंवारतेबद्दल आणखी एक नोंद. मयंक मेहता यांच्या लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये रॅटला आभासी जगात चालवलं. रॅट गोळ्यावर पाय मारतो, भोवती पडद्यावर दृश्य सरकतं, पण शरीर जागचं हलत नाही. पाय पळत होते, डोळ्यांपुढून जग जात होतं, तरी थीटाची वारंवारता खऱ्या मार्गावरच्यापेक्षा कमी होती आणि वेगाशी असलेलं तिचं नातंही ढिलं पडलं होतं. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून येणारी खबर इथे गायब असते. उलट बाजूने, रॅटला चाकांच्या गाडीत बसवून नुसतं फिरवलं तर थीटा पूर्ण जात नाही, पण चालतानाच्या मानाने कमी होते. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की वारंवारतेत एकाहून अधिक झऱ्यांचं पाणी मिसळतं हे मान्य करावं लागतं.

इथवर लय केव्हा येते ते सांगितलं. ती कशासाठी, हा तुमच्या मार्गदर्शकांनी विचारायलाच हवा असा पुढचा प्रश्न.

जॉन ओकीफ आणि जोनाथन डॉस्ट्रॉव्स्की यांनी १९७१ मध्ये हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी नोंदल्या ज्या रॅट एका ठराविक जागी असतानाच झटके देतात. याच कामाच्या पायावर ओकीफ यांना २०१४ चं नोबेल मिळालं, मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांच्यासोबत. पण मला त्यांचं १९९३ चं, मायकेल रेसे यांच्याबरोबरचं काम जास्त जवळचं वाटतं. त्यात दिसलं की रॅट त्या जागेतून पुढे सरकतो तसतसे पेशीचे झटके थीटाच्या लाटेत मागच्या टोकाकडून पुढच्या टोकाकडे सरकत जातात. तालाचं आवर्तन डोळ्यांसमोर आणा: रॅट जागेच्या हद्दीत शिरला तेव्हा पेशी आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेवर वाजते, पुढच्या आवर्तनात थोडी आधी, त्यापुढच्यात आणखी आधी, आणि हद्द ओलांडेपर्यंत ती समेपाशी आलेली असते. लय घड्याळासारखी मागे चालू आहे म्हणूनच 'आधी' आणि 'नंतर' यांना अर्थ येतो. शेजारशेजारच्या जागांच्या पेशी एकाच लाटेत एकापाठोपाठ वाजतात, आणि सव्वाशे मिलिसेकंदांच्या एका लाटेत मागची जागा, आत्ताची जागा आणि पुढे येणारी जागा असा छोटा प्रवास उमटतो. रस्ता दुभंगतो तिथे तर याहून विलक्षण काही दिसतं: एका लाटेत डावी वाट, पुढच्या लाटेत उजवी, पुन्हा डावी. हे २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉरेन फ्रँक यांच्या प्रयोगशाळेतून आलं.

त्याच प्रयोगशाळेतून २०२३ मध्ये अभिलाषा जोशी आणि सहकाऱ्यांनी तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारी गोष्ट दाखवली. रॅट दुभंगाकडे येत असताना पुढचे पाय जमिनीवर टेकण्याचे क्षण आणि थीटाच्या लाटा एकमेकांशी जुळलेल्या असतात. पाय टेकतो तेव्हा हिप्पोकॅम्पसच्या पेशी रॅटच्या आत्ताच्या जागेजवळची जागा दाखवतात. पाय उचललेला असतो तेव्हा पुढची वाट. आणि हे जुळणं सतत नसतं. निर्णयाची जागा जवळ येते तेव्हा ते घट्ट होतं. हिप्पोकॅम्पसला पायांचं काहीच देणंघेणं नाही असं मानणाऱ्या माझ्या पिढीला हे काम वाचून फेरविचार करावा लागला. तुमच्या व्हिडिओत पाय स्वच्छ दिसत असतील तर हे तपासून बघण्याचा मोह मी तरी आवरणार नाही. हल्ली डीपलॅबकटसारख्या मोफत प्रणालीने पंजे शोधणं अवघड राहिलेलं नाही. फक्त कॅमेरा खालून, काचेच्या तळातून लावावा लागेल आणि फ्रेम दर चांगला हवा.

लय खरंच कामाची आहे की नुसती सोबतीला येते, हे ठरवायला ती बिघडवून बघावं लागतं. सेप्टम तात्पुरता बंद केला तर थीटा जाते आणि शेजारच्या एंटोऱ्हायनल कॉर्टेक्समधल्या ग्रिड पेशींची (जागेवर समान अंतरांवरच्या अनेक ठिकाणी झटके देणाऱ्या पेशींची) षट्कोनी जाळी विस्कटते. २०११ मध्ये दोन गटांनी हे एकाच वेळी दाखवलं. मात्र जागेच्या पेशी बऱ्याच टिकून राहतात. याहून नाजूक प्रयोग पीटर पीटरसन आणि ज्यॉर्जी बुझाकी यांचा, २०२० चा. त्यांनी सेप्टम बंद केला नाही, नुसता गार केला. थीटा मंदावली, जागेच्या पेशी आपापल्या जागी राहिल्या, पण रॅट वाट निवडताना जास्त चुका करू लागले. चालण्यात खोट नाही, नकाशात खोट नाही, तरी निवड चुकते. मला वाटतं, लयीचा उपयोग काय या प्रश्नाला आजवर मिळालेलं हे सगळ्यात सरळ उत्तर आहे.

रॅट थांबतो तेव्हाच्या नोंदीही जपून ठेवा. तोंड धुताना, खाताना, नुसतं बसल्यावर ज्या वेड्यावाकड्या लाटा दिसतात त्यांत अधूनमधून एक तीक्ष्ण लाट आणि तिच्यावर स्वार झालेली १५० ते २५० हर्ट्झची बारीक थरथर असते, पन्नास-शंभर मिलिसेकंदांची. तिला रिपल म्हणतात. नुकताच चाललेला रस्ता या क्षणी पेशी भराभर उजळणी केल्यासारखा पुन्हा वाजवतात. तुमचा नमुना-दर (सेकंदाला सिग्नल किती वेळा टिपला तो आकडा) किमान १००० हर्ट्झ असेल तर तुमच्याच फायलींत रिपल सापडतील. म्हणून 'थीटा नाही' असं लिहून तो भाग संपवू नका, तिथे काय आहे ते लिहा.

आता फसवणाऱ्या गोष्टी, ज्या तपासल्याशिवाय मी कुठल्याच विद्यार्थ्याचा थीटाचा आलेख मान्य करत नाही. सगळ्यात मोठी म्हणजे चाटणं. रॅट पाण्याच्या नळीला सेकंदाला सहा-सात वेळा जीभ लावतो, नेमकी थीटाच्या पट्ट्यातली वारंवारता. नळी धातूची असेल तर प्रत्येक स्पर्शाला सिग्नलमध्ये छोटा धक्का उमटतो आणि स्पेक्ट्रममध्ये देखणं थीटाचं शिखर तयार होतं. बक्षिसाच्या जागी थीटा दिसली की आधी नळीवर संशय घ्या: लाटांचा आकार बघा, मेंदूबाहेरच्या ग्राउंड स्क्रूवरही तेच दिसतं का बघा. दुसरं, श्वास. माऊसच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नाकातल्या श्वासाबरोबर चालणारी वेगळी लय असते, हे २०१४ पासून नीट माहीत आहे. ती बहुधा थीटाहून मंद असते, पण हुंगताना श्वास जलद होतो आणि दोन्हींच्या वारंवारता एकमेकींवर येतात. मिशा हलवण्याचा दरही त्याच पट्ट्यात. श्वास मोजलेला नसेल तर माऊसमधल्या ४ हर्ट्झच्या शिखराला घाईने 'दुसऱ्या प्रकारची थीटा' म्हणू नका.

तिसरं, जागा. हिप्पोकॅम्पसची थीटा इतकी जोरकस असते की ती वरच्या कॉर्टेक्समधल्या इलेक्ट्रोडवरही पसरते. कवटीवरच्या स्क्रूला थीटा मिळाली म्हणजे कॉर्टेक्समध्ये थीटा आहे असं होत नाही. आणि हिप्पोकॅम्पसच्या आतही खोली महत्त्वाची: सीए-१ या हिप्पोकॅम्पसच्या विभागातल्या पेशींच्या थरापासून खाली फिशरकडे (हिप्पोकॅम्पसमधल्या खाचेकडे) जाताना लाट हळूहळू सरकत जवळजवळ अर्ध्या आवर्तनाने उलटते. वरच्या थरात शिखर असतं तेव्हा खाली दरी. दोन रॅटमध्ये इलेक्ट्रोड अर्धा मिलिमीटर वर-खाली असेल तर त्यांच्या लाटांच्या कला (फेज, म्हणजे लाट आवर्तनात कुठे आहे ते) एकत्र करणं व्यर्थ आहे. काम संपल्यावर मेंदूचे काप करून इलेक्ट्रोडचं टोक कुठे होतं ते बघाच, आणि संदर्भ-स्क्रू (ज्याच्या तुलनेत सिग्नल मोजतात तो) शक्यतो सेरेबेलमवर, म्हणजे लहान मेंदूवर, ठेवा.

स्थिर आणि चालता यांतली सीमारेषा सेकंदाला तीन ते पाच सेंटिमीटर धरण्याची पद्धत आहे. ती सोयीची आहे, पण डोकं वळवणं आणि मागच्या पायांवर उभं राहणं ही दोन्ही थीटाची वर्तनं त्या रेषेखाली 'स्थिर' म्हणून मोजली जातात, कारण वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला जागा बदललेली दिसत नाही. हेडस्टेजमध्ये (रॅटच्या डोक्यावर बसवलेल्या नोंदणी-यंत्रात) त्वरणमापक असेल तर तो वापरा. नसेल तर निदान एका सत्राचा व्हिडिओ स्वतः बसून बघा आणि हाताने खुणा करा. कंटाळवाणं काम आहे, पण विस्कटलेले कितीतरी आलेख यानेच सरळ झालेले मी पाहिले आहेत.

प्रबंधाच्या शेवटी माणसाबद्दल परिच्छेद लिहायची पद्धत आहे, तिथे हात राखून लिहा. इजिप्शियन फळवटवाघळांत ग्रिड पेशी आहेत, पण सतत चालणारी थीटा नाही. यार्तसेव्ह, विटर आणि उलानोव्स्की यांनी २०११ मध्ये हे दाखवल्यावर ग्रिड पेशींना थीटा लागतेच या समजाला मोठा धक्का बसला. अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या माणसांना चालायला लावून घेतलेल्या नोंदींत थीटा दिसते, भरभर चालताना जास्त वेळा दिसते, पण तुमच्या रॅटसारखी अखंड पट्टी कधी नसते. तुटक तुटक येते आणि जाते, आणि बऱ्याच नोंदींत रॅटहून मंदही असते.